शाळा-कॉलेजच्या वयात जुनी फियाट-पद्मिनी पुन्हा चालती करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणात, आजोळच्या गोठ्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी पुन्हा चालती करावी, असं ज्या पंधरा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना वाटतं त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी ही उत्तरं आहेत. पहिल्यांदाच पाना हातात धरणारा वाचक समोर ठेवून ती लिहिली आहेत.

पहिली गाडी म्हणून पद्मिनीच का?

कारण तिच्यात लपवलेलं काही नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा), एक डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा), चारही चाकांना ड्रम ब्रेक. बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोचतो. मुंबईच्या कुर्ल्यातल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने मुळात हीच गाडी बनत राहिली. त्यामुळे एकीचे बरेच सुटे भाग दुसरीला बसतात. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून इतकी वर्षं धावली की भागांचा साठा आणि ती गाडी ओळखणारे मिस्त्री दोन्ही अजून शिल्लक आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली, म्हणजे हा साठा आता वाढणार नाही.

आणखी एक सोय अशी, की गाडी मूळची इटालियन असल्याने नट-बोल्ट मिलिमीटरमध्ये आहेत. अँबॅसेडर किंवा स्टँडर्ड हेरल्डला इंचाचे पाने लागतात आणि नवख्याचे निम्मे बोल्ट चुकीच्या पान्यानेच गोल होतात.

डुक्कर फियाट, म्हणजे पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची ११००, दिसायला जास्त गोड आहे. पण तिचा पत्रा, काचा आणि रबर मिळवणं अवघड जातं, म्हणून पहिल्या कामासाठी ती घेऊ नये. पद्मिनीची डिझेल आवृत्तीही टाळा. पेट्रोलच बघा.

गाडी घ्यायच्या आधी काय तपासायचं?

सगळ्यात आधी कागद. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा, प्रत्येक आकडा बोट ठेवून. मूळ मालक वारले असतील तर वारसांच्या सह्या, जुनं कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद, थकलेला कर, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर ना-हरकत पत्र हे सगळं पैसे देण्याआधी. इंजिन दुरुस्त होतं. हरवलेल्या मालकाची सही मिळत नाही.

मग पत्रा. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. दाराखालून पुढून मागे जाणारी पत्र्याची पेटी, जिला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, ती गंजली तर गाडीचा कणाच कुजला. छोटा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून तिच्यावरून हळूहळू सरकवा. चांगल्या पत्र्यावर तो घट्ट ओढला जातो. जिथे तो एकदम सैल होऊन हातात येतो तिथे रंगाखाली पुट्टी आहे. दार उघडून खालच्या कडेवर अंगठ्याने दाबा, मॅट उचला, स्पेअर व्हील काढून डिकीचा तळ बघा. शेवटी मालकाच्या परवानगीने रनिंग बोर्डच्या मधोमध लाकडी ठोकळा लावून जॅकने गाडी थोडी उचला आणि दार उघडझाप करून बघा. दार घासायला लागलं किंवा फट बदलली तर बॉडी वाकते आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी पहिली म्हणून घेऊ नका.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या गाड्या खाऱ्या हवेने आतून गंजतात. मराठवाडा-विदर्भातल्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला आणि रबर तडकलेलं असतं, पण पत्रा बहुधा शाबूत असतो. रंग आणि रबर बाजारात मिळतं, म्हणून उन्हातली गाडी निवडा.

मी अठरा वर्षांचा नाही. गाडी चालवून बघता येईल का?

रस्त्यावर नाही. सोसायटीच्या बाहेरच्या गल्लीत, पहाटे रिकाम्या रस्त्यावर, मिस्त्रीपर्यंत "एवढंसंच" अंतरसुद्धा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. दुरुस्ती करायला मात्र वयाची अट नाही. खोलणं, जोडणं, इंजिन चालू करून ऐकणं हे सगळं खासगी जागेत करता येतं. चाचणीची फेरी लायसन्सवाल्या मोठ्या माणसाने मारायची आणि तुम्ही शेजारी बसून आवाज ऐकायचा. बिघाड शोधायला ती जागा उलट जास्त सोयीची.

आरटीओचं काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होतं. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा, सोबत विमा, पीयूसी आणि पर्यावरण कराची पावती लागते. शुल्क बदलत असतं, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा आकडा परिवहनच्या संकेतस्थळावर पाहा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी लागते.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झाली असतील, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात "व्हीए" ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. गाडीचा मूळ सांगाडा आणि इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाला पोचल्या आहेत, म्हणून निर्णय घाईने घेऊ नका. कॉलेजला नेण्याचा विचार असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

रंग किंवा इंजिन बदललं तर आरसीवर नोंद करावी लागते. आणि चेसिस नंबराच्या पत्र्यावर ग्राइंडर कधीही फिरवू नका. नंबर पुसट झाला तर तपासणीत गाडी अडकते.

किती पैसे आणि किती वेळ लागेल?

गाडीला जेवढे दिले त्याहून जास्त तिच्यावर लागतात, हे गृहीत धरूनच सुरुवात करा. हातात असलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग बाजूला ठेवा. तो खोलल्यावर दिसणाऱ्या गोष्टींसाठी. सगळ्यात मोठा खर्च पत्रा आणि रंगाचा, मग सीट-छत, मग इंजिन. ब्रेक त्या मानाने स्वस्तात होतात. शनिवार-रविवार काम केलं आणि परीक्षांचे महिने सोडले, तर गाडी चालती व्हायला एक वर्ष आणि देखणी व्हायला दुसरं. विकून पैसे वसूल होतील या हिशेबाने हे काम करू नये.

कोणती हत्यारं घ्यायची?

८ ते १९ नंबरचे रिंग आणि फिक्स पाने. त्यातले १०, १३, १७ आणि १९ चांगल्या प्रतीचे, कारण तेच रोज लागतात. गोटी पान्यांचा एक सेट, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, ग्रीस गन, टेस्ट लॅम्प, तारेचा ब्रश. दोन टनांचा ट्रॉली जॅक आणि चार स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅकचं सील एका क्षणात जातं आणि गाडी खाली येते. स्टँड लावल्यावर गाडीला बाजूने जोरात हलवून बघा, मगच खाली जा. दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक भिंतीवर नाही, हाताशी ठेवा.

आधी सगळी गाडी खोलून टाकू का?

नाही. पोत्यांत भरलेले भाग आणि कोपऱ्यात उभा सांगाडा अशा अवस्थेत भंगारात गेलेल्या गाड्यांची सुरुवात याच उत्साहाने झालेली असते. एका वेळी एकच काम उघडा: पुढचे ब्रेक उघडले तर ते पूर्ण बंद होईपर्यंत दुसरा पाना लावायचा नाही. खोलण्याआधी चार बाजूंनी फोटो, प्रत्येक कामाचे नट-बोल्ट वेगळ्या झिप पिशवीत, पिशवीवर मास्किंग टेपची चिठ्ठी. डावी-उजवी बाजू एकाच वेळी उघडू नका, म्हणजे न उघडलेली बाजू नमुना म्हणून समोर राहते.

क्रम असा ठेवा: कागद, ब्रेक, इंजिन, वायरिंग, सस्पेन्शन, पत्रा, रंग, आतली सजावट. रंग शेवटून दुसरा आहे आणि तो तिथेच हवा. आधी रंगवलेल्या गाडीवर पुढचं वर्षभर पाने पडतात आणि ब्रेक ऑइल सांडतं. ब्रेक ऑइलने रंग फुगून सोलून निघतो.

दहा वर्षं बंद असलेलं इंजिन सुरू कसं करायचं?

किल्ली फिरवून नाही. आत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात आणि स्टार्टरच्या जोराने त्या तुटतात.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा, हळू. अडलं तर जोर करू नका. पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस. मोकळं फिरायला लागलं की जुनं ऑइल गरम न करताच काढा, फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० चं मिनरल ऑइल डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरा. प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा. ऑइलचा लाल दिवा विझला म्हणजे दाब तयार झाला.

टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका. त्याला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो आणि ते कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, राळ होऊन बसतं. पंपाची नळी टाकीपासून सोडवून पाच लिटरच्या कॅनमध्ये ताजं पेट्रोल द्या. कॅन इंजिनपासून लांब, झाकण लावून.

आता ठिणगी. डिस्ट्रिब्युटर, ज्याला जुने मिस्त्री डेल्को म्हणतात, त्याचं झाकण काढा. आतल्या सीबी पॉइंटवर, म्हणजे ज्यांच्या उघडझापीने ठिणगी तयार होते त्या टोकांवर, राखाडी थर चढलेला असतो, तो अगदी बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसा. पॉइंट पूर्ण उघडे असताना फट साधारण ०.४ मिलिमीटर, डिस्ट्रिब्युटरच्या बनावटीप्रमाणे थोडा फरक पडतो, तो मॅन्युअलमधून घ्या. प्लगची फट ०.६ मिलिमीटर. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-३-४-२. बॅकफायर होत असेल तर बहुतेक वेळा दोन वायरी उलट लागलेल्या असतात.

सुरू झाली तर पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत. निळा धूर थोडा वेळ येणारच, आतलं ऑइल जळतं. ठोक्यांचा खोल आवाज आला तर लगेच बंद करा. आणि हे सगळं उघड्यावर. बंद गॅरेजमधल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो.

इंजिन उतरवावं लागेल का हे कसं ठरवायचं?

कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावा. इंजिन गरम, प्लग चारही बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनला हात लावू नका. एखादं कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर हेड गॅस्केट.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे आणि एकदा गाडी खूप तापली की ते वाकतं. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी जात असेल तर हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) द्या. बसवताना बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. बोअरिंग, फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग ही मशीन शॉपची कामं आहेत; कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. पिस्टन आधी विकत घ्या आणि ते मोजून बोअर करायला सांगा, उलट नको.

ब्रेक स्वतः करू का?

करा, पण चालत्या गाडीला लावण्याआधी जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात कायमचा राहतो. मास्क लावा, पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

मग व्हील सिलिंडरचं (ड्रममधला, ब्रेक ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपण बोटाने मागे ओढा. आत कोरडं असेल तर ठीक. बहुतेक वेळा चहासारखं तपकिरी पाणी ओघळतं. पिस्टन काढून सिलिंडरच्या आतून नख फिरवा. नख जिथे अडकतं तिथे गंजाचा खड्डा आहे, आणि नवा रबरी कप त्या खड्ड्यावरून पुढे-मागे होऊन महिन्याभरात फाटतो. खड्डा असलेला सिलिंडर घासून वापरू नका. नवा घ्या किंवा लेथवर स्लीव्ह मारून घ्या. सिलिंडर धुवायला पेट्रोल-डिझेल वापरलं तर रबर फुगतं. स्पिरिट किंवा ब्रेक ऑइलनेच धुवा.

रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी बदलाच. आतून सुजलेली नळी दाब जाऊ देते पण परत येऊ देत नाही, आणि चाक धरून राहतं. जुन्या गाड्यांत एकच ब्रेक सर्किट असतं, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. यासाठीच कागदांनंतर ब्रेक पहिल्या क्रमांकावर.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलशी जोडलेला मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. डॉट ३ चं सीलबंद लिटरभर ब्रेक ऑइल हाताशी असू द्या. फोडून ठेवलेली बाटली हवेतलं पाणी ओढते. पेडल दाबून एक मिनिट धरलं आणि ते हळूहळू खाली गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा कप गेला आहे.

आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने काय होतं?

जुन्या फ्युएल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वॉशरं आणि नळ्या २० टक्के इथेनॉलसाठी बनलेल्या नाहीत. त्या मऊ होतात, तडकतात आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल टपकतं. इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या नळ्या आणि नवा पडदा आधीच बसवा, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. पाणी धरलेलं इथेनॉल तळाशी बसून पितळ आणि जस्त खातं. जेट कधीही तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. हवा मारूनच साफ करा.

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर पेट्रोलची नळीतच वाफ होते आहे. पंपावर ओलं फडकं हा जुना फियाटवाल्यांचा उपाय आजही चालतो. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं.

गियर अडकतो, पहिला पडताना खरखरतो. गिअरबॉक्स गेला का?

बहुधा नाही. बहुतेक पद्मिनींत गियरचा दांडा स्टिअरिंगला आहे आणि तिथून खाली जाणाऱ्या लिंकेजचे बुश झिजले की दोन गियरच्या मध्ये अडकतं. बुश बदला, ग्रीस भरा. त्यांच्या पहिल्या गियरला सिंक्रो (गियरचे वेग जुळवून देणारी रचना) नाही, तो गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा; खरखर हा सवयीचा दोष असतो.

वायरिंग सगळं नवीन करू का?

उंदरांनी कुरतडलेलं नसेल तर नको. निम्मे बिघाड अर्थिंगचे असतात. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या दोन पट्ट्या काढून पत्रा चकचकीत घासून पुन्हा घट्ट करा. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू गाडीत १३.८ ते १४.४. हेडलाइटला रिले लावा, नाहीतर सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो आणि तो वितळतो.

पत्रा आणि रंग?

वेल्डिंग शिका, पण पहिले दोन महिने टाकाऊ पत्र्यावर. बॉडीला २० गेज, तळाला १८ गेज. रनिंग बोर्ड कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी चौकोनी पाइप टाचून घ्या आणि एका वेळी एकच बाजू कापा, नाहीतर बॉडी पिळवटते आणि दारं पुन्हा कधीच लागत नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी आणि टाकी गाडीबाहेर. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, आत वाफ असते. तिला घरी ठिणगी लावूच नका.

घासणं, प्रायमर, पुट्टी, पाणी-पेपर हे तुम्ही करा. पीयू रंगाचा फवारा मात्र पेंटरच्या बूथमध्येच. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा होऊ शकतो आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. जून ते सप्टेंबर रंग देऊ नका: दमट हवेत ड्युको (सेल्युलोज रंग) पांढरट पडतो आणि प्रायमरखाली ओल अडकून पुढच्या पावसाळ्यात फोड येतात. त्याच महिन्यांत प्लास्टिकचं कव्हरही नको, आत घाम धरतो.

भाग कुठे शोधायचे?

मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउस परिसर, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. जुना भाग हातात घेऊन जा. "पद्मिनीचा" एवढं सांगून आणलेला भाग दुसऱ्या वर्षाच्या मॉडेलचा निघतो. रबर आणि गॅस्केट नवी घ्या, पितळ आणि क्रोमच्या वस्तू जुन्या. जुन्या वस्तूंची जाडी नव्या नकलेत नसते.

पहिली लांब फेरी कधी?

आधी पाच किलोमीटर, गाडी लायसन्सवाल्याच्या हातात. परत आल्यावर चारही ड्रमजवळ तळहात न्या. एकच जास्त तापलं असेल तर ते चाक धरतंय. चाकांचे बोल्ट पुन्हा आवळा, खाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी त्यावर कुठल्या रंगाचे थेंब आहेत ते बघा. मग पन्नास किलोमीटर, मग पुन्हा तीच तपासणी. सोबत सीबी पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, हातभर पेट्रोलची नळी, दोन क्लिप आणि पाच लिटर पाणी ठेवा. घाट उतरायचा असेल तर ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. ड्रम ब्रेक सतत दाबले की तापून पकड सोडतात, आणि हे पेडल दाबल्यावर वळणावरच कळतं.